सागाची चौकट आणि दार: वखारीतल्या निवडीपासून पावसाळ्यातल्या देखभालीपर्यंत

सागाचं दार दहा वर्षांत सडलं किंवा वाळवीनं पोखरलं, की लोक म्हणतात, 'हल्ली पूर्वीसारखा साग मिळत नाही.' यात थोडं तथ्य आहे, पण पोखरलेली चौकट उघडून पाहिली तर बहुतेक वेळा दुसरंच कारण सापडतं. लाकडात सालीलगतचा पांढरा भाग राहिलेला असतो, ओलं लाकूड घाईनं बसवलेलं असतं, नाहीतर चौकटीचे पाय फरशीत पुरलेले असतात. साग कुठल्या जंगलातला यापेक्षा तो गाभ्याचा आहे का, सुकलेला आहे का आणि त्याच्या कापलेल्या टोकांना पाणी लागतं का, यावर दाराचं आयुष्य ठरतं. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाडीचा खारा वारा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतची सर्द हवा यांनाही हेच दार तोंड देत असतं.

साग टिकतो कशामुळे

सागाच्या खोडात दोन प्रकारचं लाकूड असतं. मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा, आणि सालीलगतचा फिकट पांढरट भाग. गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात आणि टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं, ते वाळवीला चालत नाही. बुरशीही गाभ्यावर सहजी वाढत नाही. पांढऱ्या भागात हे संरक्षण जवळपास नसतंच. उलट त्यात पिष्ट असतं, म्हणून भुंगे आधी तिथे शिरतात आणि बारीक पिठासारखा भुसा सांडू लागतो. म्हणजे 'सागाला वाळवी लागत नाही' हे वाक्य फक्त गाभ्यापुरतं खरं आहे.

दुसरा मोठा गुण म्हणजे सुकलेला साग कमी हलतो. हवेतल्या दमटपणानं सगळंच लाकूड फुगतं आणि आकसतं, सागात ते प्रमाण इतर बऱ्याच कठीण लाकडांपेक्षा कमी आहे. ताज्या कापलेल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं साधारण पाच टक्के आणि त्याला आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं अडीच टक्के आकसतो. ऐन, किंजळ ही आपल्याकडची लाकडंही मजबूत आहेत, पण ती जास्त फाटतात आणि पिळतात. म्हणूनच जहाजबांधणीत सागाला मान होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही सागाची युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

सागाची एक खोडही माहीत हवी. त्यात सिलिका असते, त्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते. कार्बाइडचे दात असलेलं पातं वापरलं नाही तर कापताना लाकूड जळून काळे पट्टे उमटतात.

वखारीत कानावर पडणारी नावं

'सीपी साग' म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा, आजच्या विदर्भ आणि मध्य प्रदेशचा साग. चंद्रपूर-गडचिरोलीचा माल 'बल्लारशा' नावानं विकला जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये इथूनच साग गेला. या सागाचा रंग आणि रेषा देखण्या असतात. गुजरात सीमेकडचा तो 'वलसाड साग'. 'बर्मा साग' सर्वांत महाग, पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यामुळे स्वस्तात 'अस्सल बर्मा' देतो म्हणणाऱ्याकडे कागद मागा. बाजारातला बराच माल आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा असतो. घाना, नायजेरिया, इक्वेडोर, पनामा इथला हा माल जातीनं खरा सागच असतो, फक्त झाडं तरुण असतात. तरुण झाडात पांढरा भाग जास्त आणि गाभ्यातली द्रव्यं कमी. असा माल वाईट म्हणून टाकून देऊ नका. गाभा निवडून घेतलात तर घरातल्या दाराला तो पुरेसा आहे.

'सागाचा मुख्य दरवाजा' असं बिल्डरच्या माहितीपत्रकात असेल, तर तो बहुधा फ्लश डोअरवर (सपाट, प्लायसारख्या तयार दारावर) चिकटवलेला सागाचा पातळ थर असतो. दाराची वरची कड पाहिली की लगेच कळतं.

लाकूड निवडताना

आधी टोक पाहा, लांब बाजू नंतर. विक्रेत्याला टोकाची अर्ध्या इंचाची चकती ताजी कापून द्यायला सांगा. धारदार पटाशीनं तिचा एक कोपरा गुळगुळीत तासा, ओलं बोट फिरवा आणि दहापट भिंगातून पाहा. सागात प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते आणि पुढे छिद्रं बारीक होत जातात. छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली दिसली तर लाकूड दुसरं काहीतरी आहे. ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित मेणचट लागतो. पाण्याचा थेंब टाकून तो जिरतो का हे पाहण्याची चाचणी दुकानात करून दाखवतात, तिच्यावर विसंबू नका. तेल फासलेल्या कुठल्याही लाकडावर थेंब टिकतो.

रंगावर जाऊ नका, कारण पांढरा भाग रंगवून गाभ्यासारखा करता येतो. शंका आली तर रंध्याचा एक हात मारायला सांगा. खाली फिकट लाकूड निघालं तर तो नग बाजूला ठेवा. चौकटीच्या भिंतीकडच्या एका कोपऱ्यात बोटभर पांढरा भाग असेल तर एक वेळ चालेल, असं अनेक सुतार सांगतात. इथे मात्र आमचं मत वेगळं आहे. भिंतीकडचीच बाजू ओल धरते आणि वाळवीही तिकडूनच येते. पांढरा भाग ठेवायचाच असेल तर तो उघड्या, डोळ्यांसमोरच्या बाजूला ठेवा.

वर्तुळं रुंद आहेत म्हणून लाकूड कमकुवत ठरत नाही. लहान, घट्ट बसलेल्या गाठी चालतात. सुटी, काळी पडलेली गाठ बिजागरीच्या किंवा कुलपाच्या जागी नको. शेवटी नग डोळ्याच्या रेषेत धरून टोकापासून टोकापर्यंत पाहा. थोडा बाक रंध्यानं निघतो, पीळ निघत नाही. पिळलेल्या उभ्या लाकडावर दार कधीच चारही कोपऱ्यांना टेकणार नाही.

वजन आणि ओल

सुकलेल्या सागाचं वजन एका घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं. २४-२५ किलोच्या वर गेलं तर लाकूड ओलं आहे किंवा साग नाही, आणि दोन्ही कारणांनी नाकारण्यासारखं आहे. वखारीत काटा असतोच, वजन करायला संकोच करू नका.

आपल्याकडे दारं-चौकटींच्या लाकडात १२ ते १५ टक्के ओल योग्य. दोन पिनांचं ओलमापक यंत्र फार महाग नसतं, पण ते टोकाला टेकवलं तर खोटा दिलासा देतं, कारण टोकं आधी सुकतात. लाकडाच्या मधोमध, ताज्या कापलेल्या तोंडावर मोजा. यंत्र नसेल तर घरचा ओव्हनही चालतो. नगाच्या टोकापासून फूटभर आतून दोन सेंटिमीटर जाडीची चकती काढा आणि स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर लगेच तोला. मग १०० ते १०५ अंशांवर ठेवून अधूनमधून तोलत राहा, वजन उतरायचं थांबलं की थांबा. समजा सुरुवातीला ६४ ग्रॅम होतं आणि शेवटी ५५ राहिलं. फरक ९, त्याला ५५ नं भागून शंभरनं गुणलं की १६ टक्क्यांच्या थोडं वर येतं. असं लाकूड अजून काही आठवडे थांबवा.

थांबवायचं म्हणजे थप्पी नीट लावायची. जमिनीपासून किमान फूटभर वर, दोन थरांमध्ये दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या, सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि टोकांना ऑइल पेंट किंवा मेण. टोकं उघडी राहिली तर तिथून पाणी वेगानं उडतं आणि चिरा पडतात. थप्पी सावलीत आणि वाऱ्यावर हवी. गच्चीवर उन्हात टाकलेला साग वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि वाकतो. अडीच-तीन इंच जाडीचं ओलं लाकूड नुसत्या हवेवर सुकायला वर्षही लागू शकतं. तेवढा वेळ नसेल तर भट्टीत वाळवलेला माल घ्या.

माप आणि हिशेब

कापीव लाकडाचा हिशेब सोपा आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. घोळ होतो तो कच्च्या आणि तयार मापात. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूचा साधारण अष्टमांश इंच जातो. तयार चौकट ५ × २.५ इंच हवी असेल तर कच्चा माल ५.२५ × २.७५ लागतो.

साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच जागेसाठी दोन उभ्या, वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरठा मिळून २१ फूट लांबी होते. कच्च्या मापानं ते २.१ घनफूट भरतं. टोकं छाटणं आणि एखादी गाठ चुकवणं धरून सव्वादोन ते अडीच घनफूट घ्या. भाव ठरवताना 'माप कच्चं की रंधलेलं' हे विचारून बिलावर लिहून घ्या. गोल ओंडका स्वस्त दिसला तरी कापणीत चाळीस ते पन्नास टक्के लाकूड सहज वाया जातं. एका दारासाठी ओंडका घेऊ नये.

गावी स्वतःच्या जमिनीत साग आहे म्हणून तो तोडून आणण्याचा विचार शहापूर, मुरबाड किंवा कोकणात घर असलेले बरेच जण करतात. खासगी जमिनीतला सागही महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या यादीत आहे. तोडायला परवानगी लागते, लाकडावर वनखात्याचा हातोडा उठावा लागतो आणि वाहतुकीचा परवाना काढावा लागतो. तो नसेल तर माल वाटेत जप्त होऊ शकतो.

पाडकामाचा जुना साग

ठाण्यातल्या नौपाडा, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा अशा भागांतल्या जुन्या घरांचा पुनर्विकास होतो तेव्हा तुळया, खांब, दारं-खिडक्या बाहेर निघतात. चांगला नग मिळाला तर नव्या सागापेक्षा सरस, कारण तो कित्येक दशकं सुकलेला असतो आणि मोठ्या झाडाचा असतो. मात्र जुन्या इमारतीतलं प्रत्येक लाकूड साग नसतं. वासे आणि तुळया ऐन, किंजळ किंवा आयात पाइनच्याही असत. वर सांगितलेली चकतीची तपासणी इथे जास्तच गरजेची.

भिंतीत गेलेली तुळईची टोकं बहुधा कुजलेली असतात. दोन्हीकडून सहा ते नऊ इंच सोडूनच लांबी धरा. हातोडीनं ठोकत जा, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. प्रत्येक खिळा लोहचुंबकानं शोधून काढा. कापताना एक खिळा राहिला तर सॉ मिलचं पातं तुटतं आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतले जातात, हे आधी बोलून ठेवा. चिरून, खिळ्यांची जागा टाळून तीस-चाळीस टक्के घट सहज येते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरनं घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

चौकट करणं आणि बसवणं

सांधा उभ्या लाकडात भोक पाडून आडव्याचं टोक त्यात घट्ट बसवण्याचाच हवा. नुसते खिळे किंवा स्क्रू मारून जोडलेली चौकट दार आपटता आपटता ढिली होते. गोंद लावायच्या आधी सांध्याचा भाग ताजा तासा, थिनरनं पुसा आणि लगेच जोडा. सागाचं तेल पृष्ठभागावर येत राहतं, काल तासलेल्या सांध्यावर आज लावलेला गोंद कमी धरतो. दार बसण्याची खाच अर्धा इंच खोल ठेवा. तिची रुंदी दाराच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त हवी, कारण पॉलिशलाही जाडी असते.

भिंतीकडच्या बाजूला दोन हात डांबरी रंग किंवा प्राइमर द्या. मग पायांकडे वळा. लाकूड टोकाकडून पाणी ओढतं, बाजूनं फारच कमी. फरशी धुतल्याचं पाणी चौकटीच्या पायातून इंच-इंच वर चढतं आणि पॉलिश तळाशी काळं पडू लागतं. म्हणून पाय फरशीत पुरू नका. खाली ग्रॅनाइटची पट्टी बसवा, ती फरशीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर उंच ठेवा, आणि कापलेल्या टोकांना इपॉक्सीचे दोन हात देऊन मगच चौकट टेकवा. उंबरठा लाकडाचा असेल तर त्याच्याही खाली हीच पट्टी. अर्ध्या तासाच्या या कामानं चौकटीचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं, पण घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

उभं करताना ओळंबा दोन दिशांनी लावा, समोरून आणि कडेनं. दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा. विटांच्या भिंतीत प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, तर आरसीसीत १० मिलिमीटरचे अँकर. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर लागतात, साधे अँकर काही महिन्यांत हलू लागतात. काँक्रीट भरण्याआधी दोन उभ्यांच्या मध्ये आडव्या पट्ट्या ठोका, नाहीतर उभ्या आत दबतात आणि दार मध्येच घासतं. जोडलेली चौकट सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याचं वळण आधी मोजून घ्या.

दाराचा पल्ला

सव्वातीन फूट बाय पावणेसात फूट, दीड इंच जाड भरीव सागाचा पल्ला पन्नास किलोच्या घरात जातो. पाच इंची चार बिजागऱ्या लावा, तीनवर भागवू नका. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजतं आणि सागावर काळे ओघळ उतरतात. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा भरीव पितळ घ्या, बाल्कनीच्या दाराला ३१६ दर्जाचं. पितळी स्क्रू सागात थेट पिळला तर डोकं तुटतं. आधी भोक पाडा, त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू एकदा आत-बाहेर करा, मग मेण लावून पितळी बसवा.

पॅनेलच्या दारात मधल्या फळ्या गोंदानं चिकटवायच्या नाहीत. आठ इंच रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात दीड ते अडीच मिलिमीटर हलते. तिला खाचेत दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर मोकळीक दिली नाही तर एक तर ती फाटते किंवा सांधे उघडते. फळ्यांना पॉलिश जोडण्याआधीच करा, नाहीतर फेब्रुवारीत आकसल्यावर कडेला पांढरी रेघ उघडी पडते.

कुलपाच्या बाजूची फट ऋतू बघून ठेवायची. कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मार्चमध्ये दार बसवत असाल तर साडेतीन ते चार मिलिमीटर. भर पावसात बसवावंच लागलं तर दोन पुरे, नाहीतर हिवाळ्यात उजेड आत येईल. खाली फरशीपासून सहा-आठ मिलिमीटर.

पॉलिश

८०, १२०, १८०, २२० असे क्रमानं कागद मारा, नेहमी रेषांच्या दिशेनं. लांबी भरायची तर भुसा आणि सीलर कालवून भरा, बाजारची गुलाबी लांबी सागावर कायम दिसते. पहिल्या हाताआधी थिनरनं पुसा. सागाच्या तेलामुळे पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) काही ठिकाणी चिकट राहतो, ते टाळायला आधी सीलर हवा. घरातल्या दाराला मेलामाइन किंवा पीयू, ऊन-पाऊस थेट लागणाऱ्या दाराला बाहेरच्या वापराचा पीयू. जवसाचं तेल सुंदर दिसतं, पण आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. ते वापरलंच तर तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पॉलिशचं काम ऑक्टोबर ते मे दरम्यान उरका. हवा ओली असताना मारलेलं मेलामाइन धुरकट पांढरं पडतं. पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना सारखेच हात द्या, वरची आणि खालची कड धरून. आत एसी आणि बाहेर दमट लॉबी असताना एका बाजूला पॉलिश कमी असेल तर दार वाकतं.

पावसाळ्यात दार अडकलं तर

जुलैत दार घासू लागलं की लगेच रंधा मारू नका. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू कसा, निम्म्या वेळा वजनानं खाली आलेलं दार तेवढ्यानं उचललं जातं. तरीही घासत असेल तर घासणाऱ्या जागेवर मेण चोळून ऑक्टोबरपर्यंत थांबा. पाऊस संपल्यावर फट मोजा. तेव्हाही कमी असेल तरच तेवढ्या कडेला हलका रंधा मारा, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी पॉलिशनं बंद करा.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, चौकटीच्या पायांकडे टॉर्च मारून पाहा. मातीची बारीक नळी भिंतीवरून लाकडाकडे येत असेल तर ती वाळवी. नुसती पुसून टाकू नका, ती भिंतीत कुठून येते ते शोधून तिथे परवानाधारकाकडून औषध करून घ्या. खाली पिवळसर पीठ सांडलेलं दिसलं तर तो भुंगा आहे, आणि तो जिथून निघतो तिथे बहुतेक पांढरा भाग असतो. छिद्रांत इंजेक्शनच्या सुईनं औषध भरून ती मेणानं बंद करा. पीठ पुन्हा सांडलं तर तेवढा तुकडा कापून त्या जागी गाभ्याचा तुकडा जोडून घ्या.